पुढच्या रांगेचा मान

आमच्या घरात एक लेझीम आहे आणि ती माझी नाही. इतकं साधं वाक्य — पण आजवर ते माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यापुढे नाही, आईपुढे नाही, मुलीपुढे तर नाहीच. पाहुण्यांनी विचारलं की मी म्हणते, "शाळेतली आहे, जुनी." ते काही खोटं नाही. मी बोलते त्यातलं बरंचसं खोटं नसतंच मुळी. तीच तर माझी हातोटी आहे.

मी न्यूझीलंडमध्ये, क्राइस्टचर्चच्या रिकार्टन भागात, एका औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट आहे. काउंटरपलीकडून माणसं मला काय काय सांगत असतात — झोप लागत नाही, नवऱ्याला न सांगता गोळ्या बंद केल्यात, मुलाला हात उगारला. मी मान डोलावते, आवाज खाली ठेवते. त्यांना हलकं वाटतं, ती जातात. आणि मी? मी कुणाच्या काउंटरवर जायचं? म्हणून तुमच्याकडे आले. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरं आहे.

पण आधी शाळेबद्दल सांगायला हवं. नाहीतर मी काय केलं ते तुम्हाला कळेल, पण का केलं ते कळणार नाही — अर्थात, 'का' सांगितल्याने ते कमी होत नाही, हेही मला ठाऊक आहे.

आमच्या शाळेत मार्च महिन्यात हाऊस वीक असायचा. अजूनही असतो. माझ्या आधीच्या, पुण्याच्या शाळेतसुद्धा हाऊस होती, लाल-निळी-हिरवी, पण ती पीटीच्या तासापुरती. इथे हाऊस म्हणजे जवळजवळ आडनाव. घरातलं पहिलं मूल ज्या हाऊसमध्ये जाईल त्यातच त्याची भावंडं जाणार, आणि पुढे त्याची मुलंसुद्धा. नावं झाडांवरून ठेवलेली. आमचं कोवाई — वसंतात नुसतं पिवळं होऊन जाणारं झाड. त्या आठवड्यात कुणी केस पिवळे रंगवायचं, कुणी मोजे, कुणी चक्क कुत्र्याला पिवळी रिबीन बांधून फाटकापाशी आणायचं. रस्सीखेच व्हायची, केकची विक्री व्हायची. आणि शुक्रवारी मैदानावर, सगळ्यांच्या आईवडिलांसमोर, प्रत्येक हाऊसने आपली आरोळी सादर करायची. आरोळी म्हणजे नुसता आरडाओरडा नव्हे. ताल, पायांची थाप, रांगा, सगळं बसवलेलं असायचं. जिंकेल त्या हाऊसला लाकडी ढाल मिळायची. कोवाईला ती कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. आमची आरोळी सुरू झाली की बाकीची हाऊस सँडविच खायला घ्यायची.

मी तेराव्या वर्षी इथे आले. वडिलांना इंजिनियरची नोकरी लागली आणि आम्ही पुण्याचं बिऱ्हाड उचलून क्राइस्टचर्चला आलो. माझं नाव मृण्मयी. आता सांगा, हे नाव इथे कोण घेणार? पहिल्या दिवशी हजेरी घेताना बाई अडखळल्या, लाल झाल्या, आणि मी घाईघाईने म्हटलं, "एम म्हणा." तेव्हापासून मी एम. तीन वर्षं मी त्या शाळेत एक अक्षर होऊन राहिले. कुणी वाईट वागलं का? अजिबात नाही. दुपारच्या सुट्टीत गवतावर गोल करून बसलेल्या मुली मला बघून सरकायच्या, जागा द्यायच्या, आणि आपलं बोलणं पुढे चालू ठेवायच्या. मला त्या पिवळ्या गर्दीतली एक व्हायचं होतं. हाऊस वीकमध्ये मी सगळ्यांत आधी गाल पिवळे रंगवायचे. आणि फोटोत कडेला यायचे.

मग प्रज्ञा आली.

ती नागपूरची. तिची आई इथल्या हॉस्पिटलात नर्स, वडील नोकरीच्या शोधात. माझ्याच वर्गात, माझ्याच हाऊसमध्ये. पहिल्या दिवशी बाई तिच्या नावाला अडखळल्या, तेव्हा मी मनात म्हटलं, आता ही 'पी' होणार. ती उभी राहिली आणि हसत हसत म्हणाली की सोपं आहे, आपण सगळे मिळून म्हणू. आणि अख्ख्या वर्गाकडून तिने ते जोडाक्षर घोटवून घेतलं! आठवडाभरात रग्बीच्या संघातली दांडगी पोरंसुद्धा व्हरांड्यातून 'प्रद्-न्या' अशी हाक मारत होती. मला तिचं कौतुक वाटलं. खरंच वाटलं. आणि त्याच क्षणी हेवाही वाटला. दोन्ही एकदमच.

आम्ही मैत्रिणी झालो. होणारच होतो, शाळेत मराठी बोलणाऱ्या दोघीच. डेअरीवर — इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात — आम्ही एक चिप्सचं पाकीट घेऊन दोघींत खायचो आणि सगळ्या शाळेची मराठीतून यथेच्छ टिंगल करायचो. तीन वर्षं मी मराठीत हसलेच नव्हते. घरी होती मराठी, पण ती 'जेवलीस का' आणि 'अभ्यास कर'पुरती. प्रज्ञाबरोबर मी मृण्मयी होते. एवढं मोठं देणं मला परत कुणी दिलेलं नाही.

लेझीम तिने नागपूरहून आणलेली. अंगावरचे कपडे, शाळेचे दाखले, आणि कपड्यांत गुंडाळलेली ती लेझीम. वस्तीतल्या मुलींचं त्यांचं पथक होतं. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत ती सगळ्यांच्या पुढे शिट्टी घेऊन असायची. एकदा शाळा सुटल्यावर जिममागच्या सिमेंटच्या तुकड्यावर तिने मला करून दाखवलं. चार आवाज, आदि लगाव, बैठक, झोक. लेझीम मलाही नवी नव्हती, पुण्यात गणपतीत पाहिलेली, शाळेत थोडी खेळलेली. पण हे वेगळंच होतं. ती खाली बसायची तेव्हा ठोक्याच्या अगदी किंचित आधी बसायची, त्यामुळे आवाज जणू तिला गाठायला धावत यायचा. मी बघतच राहिले. मी म्हटलं, "हीच आपली आरोळी."

हो, ते मी म्हटलं. एवढं श्रेय मला खुशाल द्या.

मग जे आठवडे गेले ते माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले आठवडे होते. लग्न, मुलगी, घर — सगळं धरून सांगते. एवढ्या पोरांना लेझीम कुठून आणायच्या? तर वर्कशॉपमध्ये लाकडी दांडे कापले, कुंपणाची तार वाकवली, आणि एकाच्या काकांच्या पबमधून बाटल्यांची झाकणं गोणीभर आणून हातोडीने चपटी केली. खिळ्याने भोकं पाडून पाडून माझ्या बोटांना फोड आले. संध्याकाळी नॉर'वेस्टर सुटायचा — तो गरम, कोरडा, डोकं फिरवणारा वारा — आणि जिममागे सगळं कोवाई हाऊस घामेजून नाचायचं. "चार आवाज!" प्रज्ञा ओरडायची, आणि ज्यांना मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं ती पोरं बेंबीच्या देठापासून "चार आवाज!" म्हणायची. माझ्या खांद्यावर हात टाकून कुणी पाणी प्यायचं. कुणी मला प्रज्ञाच्या तोंडून ऐकून 'मृन' म्हणायला लागलं. मी आत आले होते. तीन वर्षं दाराशी उभी होते, आणि ती मला हात धरून आत घेऊन आली होती.

ती जिम आता नाही. भूकंपात तिला तडे गेले, पाडली. तिथे गाड्या लावतात. मीही लावते.

आता मला आईबद्दल बोलावं लागेल, आणि ते बोलताना मी तिच्यावर ढकलत नाहीये, एवढं लक्षात असू द्या. प्रज्ञा एकदा घरी आली. आईने प्रेमाने पोहे केले, चहा दिला, चौकशी केली. नागपूरला कुठे? वडील काय करतात? आणि मग, सहज विचारावं तसं, आडनाव. प्रज्ञाने सांगितलं. आई म्हणाली, "अच्छा."

बस, एवढंच. आणखी पोहे वाढले. ती गेल्यावरही आई एक शब्द वाईट बोलली नाही. आमच्या घरात असलं काही कधी बोललं जात नसे, आम्ही स्वतःला फार सुधारलेले समजत होतो. पण ते 'अच्छा' मला कळलं. सोळाव्या वर्षी, क्राइस्टचर्चमध्ये, कुणीही कधी शिकवलेलं नसताना — मला ते पूर्ण कळलं. कसं कळलं? ह्या देशात उतरताना बुटांना चिकटलेली मातीसुद्धा तपासतात, लोणच्याची बरणी उघडून बघतात. आमच्या सामानातलं ते मात्र कुणाला दिसलं नाही. मलासुद्धा नव्हतं दिसलं.

हाऊस वीक सुरू झाला. शुक्रवारी आई येणार होती, आणि गावातल्या मराठी घरांतल्या मावश्या-काकूही. तेव्हा आमची घरं मोजकीच होती, एखाद्याचं पोर काही करणार म्हटलं की सगळे यायचे. आई फोनवर सांगत होती, "आमच्या मृण्मयीने लेझीम बसवलीय." मी शेजारीच उभी होते. मी दुरुस्त केलं नाही. तेव्हा पहिल्यांदा मनात आलं — पुढे मी असते तर? रांगांच्या पुढे, हातात ती खरी लेझीम, आणि सगळं मैदान माझ्याकडे बघतंय. एकदाच. बघा, मी आत येऊन जेमतेम काही आठवडे झाले होते आणि मला पुढे जायचं होतं.

सांगते. आलेच तिथे.

बुधवारी सराव संपला, आणि आमच्या हाऊसच्या प्रमुख, मिस बेनेट, मला म्हणाल्या, जरा थांब. फार चांगली बाई. त्या स्वतः माओरी समूहनृत्य करत वाढलेल्या, त्यामुळे कोण कुठे उभं राहतं, कुणी आधी आवाज द्यायचा, ह्याला किती अर्थ असतो हे त्यांना ठाऊक होतं. माओरींमध्ये अशा रीतीला टिकांगा म्हणतात, आणि इथले चांगले शिक्षक त्या बाबतीत फार जपून असतात. त्या म्हणाल्या, पुढे प्रज्ञाच असणार हे तर दिसतंच आहे. पण हे तुमचं आहे. तुमच्यात ह्याची काही टिकांगा असेल, तर मला आधी सांग. माझ्या अज्ञानामुळे कुणाचा अपमान व्हायला नको.

किती आदराने विचारलं होतं. असा प्रश्न मला ह्या देशात कुणी विचारला नव्हता.

मी म्हटलं — इंग्रजीतच म्हटलं, शांतपणे — की आहे, रीत आहे. पुढे उभं राहण्याचा मान ठराविक घरांचा असतो. प्रज्ञाच्या घरातल्यांचा तो नसतो. त्यांनी मागे राहायचं असतं. माझ्या घराचा असतो.

हेच ते. हे मी केलं.

मला विचार करावा लागला नाही, जुळवाजुळव करावी लागली नाही. ते तयारच होतं, जिभेच्या मागे, नीट घडी घालून ठेवलेलं. लेझमीत अशी कुठलीही रीत नसते हे मला ठाऊक होतं. म्हणजे मी खोटं बोलले. पण ज्या जागेवरून ते खोटं आलं ती जागा खोटी नव्हती, आणि ह्याचीच मला आजही सगळ्यांत जास्त लाज वाटते. मिस बेनेटनी शंका घेतली नाही. का घेतील? माझ्या शब्दाचा मान ठेवणं हेच त्यांना योग्य वाटलं. त्यांनी माझे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रज्ञाला नेटबॉलच्या कोर्टावर बाजूला घेऊन समजावलं, मलाही जवळ उभं केलं, म्हणजे तिला एकटं वाटू नये. तुमच्या रीतीबद्दल मला कळलं, आम्हाला ती पाळायची आहे, तुला चालेल ना, वगैरे. त्या बोलत असताना प्रज्ञा त्यांच्याकडे बघत होती. मग माझ्याकडे बघायला लागली. मराठीत म्हणाली, "तू सांगितलंस?"

मी म्हटलं, "अगं, मिसने विचारलं म्हणून —"

वाक्य पूर्णसुद्धा केलं नाही मी. तिने मान हलवली, एखाद्या दुकानदाराने भाव सांगावा आणि आपण 'बरं' म्हणावं तशी. मिसना म्हणाली, "दॅट्स फाइन, मिस." आणि दप्तरातून आपली लेझीम काढून माझ्या हातात ठेवली. "पुढच्याच्या हातात खरी पाहिजे," ती म्हणाली, "नाहीतर मागंपर्यंत आवाज जात नाही." मग बाटलीच्या झाकणांची एक उचलून ती शेवटच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

तिने तिथल्या तिथे मला खोटं का पाडलं नाही? मी किती वर्षं ह्यावर डोकं लावलंय. आधी वाटायचं, अभिमान. आता वाटतं, तिने सांगायचं तरी कुठून? सोळाव्या वर्षी, परक्या भाषेत, नेटबॉलच्या कोर्टावर उभं राहून, त्या भल्या बाईला तिने सगळं पहिल्यापासून समजावून सांगायचं — ते काय असतं, आणि ते तिच्या बाबतीत कोण म्हणतं? इथे येऊन निदान ते तरी सांगावं लागणार नाही, असं तिला वाटलं असेल. ते तिच्यामागोमाग इथवर मी आणलं.

शुक्रवारी आम्ही जिंकलो. सगळं मैदान उभं राहिलं होतं. मी पुढे होते, आणि कुणाला दिसली नाही अशी एक गोष्ट सांगते: बैठकीच्या वेळी माझा ठोका चुकला. मी गोंधळले. तेव्हा शेवटच्या रांगेतून प्रज्ञाचा आवाज आला, स्वच्छ, मोजणारा — एक, दोन, तीन, चार — आणि त्या आवाजावर सगळ्या रांगांनी मला सावरून घेतलं. तिने मला पडू दिलं असतं तर? पण ती हाऊसला पडू देणार नव्हती. शाळेवर माझं प्रेम आहे असं मी समजत होते — ते खरं तर तिला जमलं.

ढाल माझ्या हातात दिली गेली. मावश्यांनी गालावर हात फिरवले. आईचे डोळे भरून आले होते. आणि तेवढ्यात प्रज्ञाची आई आली, ड्युटीवरून थेट, नर्सच्या कपड्यांत, हातात सगळ्या हाऊससाठी चिवड्याचा मोठा डबा. तिने आधी माझी पाठ थोपटली — "लय छान केलं तू" — आणि मग लेकीला विचारलं, "तू मागं काऊन उभी होती?"

मी हातातल्या ढालीकडे बघितलं.

प्रज्ञा म्हणाली, "उंच पोरी मागंच राहतात, आई."

ती माझ्यापेक्षा बोटभर बुटकी होती. तिच्या आईने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग डब्याचं झाकण उघडलं आणि मला म्हणाली, "घे." मी घेतला. खाल्ला.

त्यानंतर प्रज्ञा माझ्याशी भांडली नाही. वर्गात पेन मागितलं तर द्यायची. पण मराठीत परत बोलली नाही. मी मराठीत काही म्हटलं की उत्तर इंग्रजीत यायचं, नीट, सभ्य. वर्ष संपलं आणि तिच्या वडिलांना पर्थमध्ये काम मिळालं. ते सगळे गेले. लेझीम माझ्याकडेच राहिली. तिने मागितली नाही, मी दिली नाही. शेवटच्या दिवशी ती माझ्या दप्तरात होती — देणारच होते, शपथेवर सांगते — आणि मी ती तशीच घरी घेऊन आले. पुढच्या वर्षीही पुढे मीच होते. साहजिकच, सगळे म्हणू लागले की हे एमने सुरू केलं.

मला तिची आठवण येते. पश्चात्तापासारखी नाही, तो वेगळा असतो, त्याची सवय होते. आठवण येते ती साधी: चिप्सच्या पाकिटाच्या तळाशी उरलेलं मीठ ती बोटाने चाटायची, ते आठवतं. दुकानात एखादी नागपूरची बाई 'काऊन' म्हणाली की मी नको तेवढा वेळ तिच्याशी बोलत बसते. फोनवर तिचं नाव मी कितीदा टाइप केलं असेल. ते जोडाक्षर येतं, आणि मी पुसून टाकते. तिला मी काय सांगणार? आणि ती कोणत्या भाषेत उत्तर देईल?

हे इथे संपलं असतं तर कदाचित मी तुमच्याकडे आले नसते.

माझी मुलगी ईरा ह्या वर्षी त्याच शाळेत गेली. अर्थातच कोवाईमध्ये. लेझीम तिथे अजून आहे. तेच लाकडी दांडे, तीच झाकणं, तेच 'चार आवाज', आता ओळखू न येण्याइतकं घासलेलं. हाऊस वीकच्या मंगळवारी मी पोळ्या लाटत होते आणि ती उड्या मारत आत आली. "मम, आय गेट टू स्टँड इन फ्रंट!" मी मराठीत विचारलं की तू तर नवीन, तुला कसं घेतलं? ती इंग्रजीतच म्हणाली की रूल आहे ना. ज्यांच्या घरातलं कुणी आधी कोवाईमध्ये होतं त्यांनाच पुढे उभं राहता येतं. नव्या घरातले मागे. ते इंडियन प्रोटोकॉल आहे, सगळे पाळतात. मग थोडी थांबून म्हणाली, "मेले इज सो मच बेटर दॅन मी. बट इट्स द रूल."

मेले हे तिच्या मैत्रिणीचं नाव. ह्याच वर्षी शाळेत आलेली, टोंगा बेटांवरून आलेल्या कुटुंबातली, घरात कोवाईचं आधी कुणीच नाही.

माझ्या हातातली पोळी फाटली. म्हणजे एवढी वर्षं? दरवर्षी? मिस बेनेटनी पुढच्यांना सांगितलं असणार, त्यांनी त्यांच्या पुढच्यांना, आणि ठराविक घरं म्हणजे कोणती हे ठाऊक नसल्यामुळे त्यांनी आपल्या परीने अर्थ लावला असणार. किती मुलं मागे उभी राहिली असतील? मी ईराला म्हटलं, "छान." आणि दुसरी पोळी लाटायला घेतली.

मला वेळ होता, हे मला लपवायचं नाही. गुरुवारी मी तिचा पिवळा शर्ट द्यायला शाळेत गेले तेव्हा तिथला आताचा हाऊसप्रमुख शिक्षक भेटला. तरुण मुलगा, स्वतः कोवाईचाच. मला बघून त्याला इतका आनंद झाला. म्हणाला, ह्या वर्षी जुने विद्यार्थीही येणार आहेत, पहिली हाक तुम्हीच द्या. आणि छातीवर हात ठेवून म्हणाला की ती पुढच्या रांगेची रीत आम्ही अगदी मनापासून पाळतो, तुम्ही खात्री बाळगा. माझ्या तोंडाशी आलं होतं. 'अशी काही रीत नाही' — चार-पाच शब्द. त्याचा चेहरा इतका उजळलेला होता, आणि त्या उजेडात मी किती चांगली दिसत होते! मी म्हटलं, "थँक यू."

शुक्रवारी मी पुढे उभी राहिले. ईराच्या हातात प्रज्ञाची लेझीम होती. मी हाक दिली. ईरा घाबरली होती, बैठकीला तिचा ठोका सुटला, अगदी माझा सुटला होता तिथेच — आणि शेवटच्या रांगेतून कुणीतरी मोजायला लागलं. वन, टू, थ्री, फोर. स्वच्छ आवाज. मी वळून पाहिलं. मेले होती. ती खाली बसत होती ठोक्याच्या किंचित आधी.

नंतर सगळे गवतावर पसरले, फोटो काढत, रस पीत. मेले घामाघूम, गालांवरचा पिवळा रंग ओघळलेला, माझ्याकडे आली. घरी चांगलं वळण लावलेलं असावं, कारण ती आधी नीट उभी राहिली, आणि मग म्हणाली की हे तुमचं आहे, तरी तुम्ही आम्हाला करू देता, त्याबद्दल थँक यू.

ईरा शेजारीच होती. माझी आईही आली होती, जवळच खुर्चीत बसली होती, तिलाही ऐकू गेलं असणार.

मी मेलेच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "यू आर वेलकम."